दुसऱ्या क्रमांकाची उमेदवार

आमच्याकडे संस्थेत कोणाला वरची जागा द्यायची झाली की तीन प्राध्यापकांची कमिटी बसते. कमिटीने उमेदवाराचं काम वाचायचं, तोलायचं आणि अहवाल लिहायचा, असा कायदा आहे. कायदा आपला कपाटात असतो. खरी रीत अशी, की उमेदवार आपला अहवाल आपणच लिहितो. 'उमेदवाराचे संशोधन अत्यंत मोलाचे आहे' असं स्वतःविषयी, अगदी गंभीर तोंडाने, शेजारच्या माणसाविषयी लिहावं तसं. मग तिघे प्राध्यापक कॉफी पितात आणि खाली सह्या करतात. लबाडी वगैरे काही नाही हो; सगळेच करतात म्हटल्यावर लबाडी कसली.

ज्यांना लिहिणं जमत नसे ते डॉ. झोराना वेल्यिचकडे येत. नदीतल्या जीवांचा अभ्यास करणाऱ्या एका लहानशा संस्थेत ती एकोणीस वर्षं होती, आणि तिचा हात चांगला अशी तिची ख्याती होती. आजवर तिने अकरा जणांचे अहवाल लिहून दिले होते. अकराच्या अकरा जण वर चढले. कोणी चॉकलेटचा डबा आणून दिला, कोणी राकिया, म्हणजे प्लमची घरी गाळलेली दारू. ती मात्र होती तिथेच राहिली.

तिचं खरं काम नदीवर होतं. दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी सकाळी दहाला ती जुन्या पुलाखाली, मांड्यांपर्यंत येणारे रबरी बूट घालून मोरावा नदीच्या पाण्यात उतरे. तळाचे दगड उलटे करी, खालच्या अंगाला जाळी धरी, आणि वाळूच्या कणांचं घर बांधून राहणाऱ्या अळ्या बाटल्यांत गोळा करून मोजी. ऊन असो की काठाला बर्फाचा पापुद्रा असो. तिची मुलगी इस्क्रा सातव्या महिन्यात जन्मली आणि अडीच महिने काचेच्या पेटीत होती. तेव्हा तिचा नवरा ग्रादिमिर, रेल्वेतला माणूस, ज्याला मासा आणि बेडूक यांपलीकडे पाण्यातलं काही कळत नव्हतं, तो तिने कागदावर काढून दिलेल्या खुणा बघून बाटल्या भरून आणत होता. इतक्या वर्षांत एकही मंगळवार चुकला नव्हता. एवढी लांब, न तुटलेली नोंद आसपासच्या कुठल्याच नदीची नव्हती.

त्या वर्षी प्राध्यापकाची एक जागा निघाली. एकच. झोरानाच्या नेमणुकीची मुदत सप्टेंबरअखेर संपत होती आणि नियम असा, की त्याआधी वरची जागा मिळाली तर राहायचं, नाहीतर घरी. सत्तेचाळिसाव्या वर्षी तिला दुसरीकडे कोण घेणार होतं? जागा गेली की नोकरी जाणार, आणि नोकरी गेली की नदीही जाणार, एवढा सरळ हिशेब होता.

अर्ज दोनच आले. दुसरा ओग्न्येन स्तामेनिचचा. छत्तीस वर्षांचा, देखणा, चार लोकांत छाप पाडणारा. अळी चिमट्यात कुठल्या बाजूने धरायची इथपासून सगळं त्याला झोरानानेच शिकवलं होतं. त्याचे चौदा निबंध छापून आले होते आणि त्यांतले नऊ तिच्या बाटल्यांवर बेतलेले होते. आधी त्याचं नाव, शेवटी विभागप्रमुख बुदिमिर सरांचं, मधे कुठेतरी तिचं. "त्याला अजून नाव कमवायचंय. तू काय, आपली घरचीच," असं सर म्हणत. घरच्या बाईने पंगतीत शेवटी बसायचं असतं हे तिला लहानपणापासून कोणी वेगळं शिकवावं लागलं नव्हतं.

कमिटीचे अध्यक्ष सरच होते. मार्चमध्ये त्यांनी तिला बोलावलं. कॉफी तिनेच उकळली, नेहमीसारखी.

"पोरी," सर म्हणाले, "त्या अहवालाचं काय करायचं?"

"माझा भाग मी लिहिते सर. ओग्न्येन त्याचा लिहील."

"तो पडलाय पोर्तुगालला, जूनपर्यंत. नुसती यादी पाठवलीये त्याने. अन् त्याचं लिहिणं तुला ठाऊक आहे. वाक्य सुरू करतो तेव्हा नाताळ असतो, संपवतो तेव्हा ईस्टर." सर आपल्याच विनोदावर हसले. "दोघांचंही तूच लिहून टाक. त्याला तुझ्याइतकं ओळखतं कोण?"

"पण सर, मीच उमेदवार, अन् मीच त्याचं..."

"मग? माझा विश्वास आहे तुझ्यावर. काय लिहायचं ते तुला मी सांगायला हवं का?" त्यांनी डोळा मिचकावला. "फक्त शेवटचा परिच्छेद सोड. पहिला कोण, दुसरा कोण, ते मी घालतो. कमिटीने काहीतरी हात हलवायला नको?"

एकोणीस वर्षं ज्या माणसाची कॉफी उकळली त्याचा डोळा आपल्याला वाचता येतो, असं तिला वाटलं. ती हलक्या पावलांनी घरी गेली.

"म्हणजे झालंच की!" ग्रादिमिर म्हणाला. "पेन तुझ्या हातात. लिही, झोराना हुशार, ओग्न्येन ढ. पूर्णविराम."

"तसं नाही लिहिता येत रे."

"का नाही? पेन त्याच्या हातात असतं तर त्याने काय केलं असतं?"

"म्हणूनच. उद्या कोणी म्हणायला नको, बाईने आपल्याच पोळीवर तूप ओढलं."

"अगं, पोळी तुझी, तूप तुझं. चोरी कुठेय यात?" पण ग्रादिमिर रेल्वेतला; त्याला विद्येच्या राज्यातल्या रीतभातीचं काय कळणार, असं म्हणून तिने विषय मिटवला. मला विचाराल तर त्या घरात त्या दिवशी शहाणा माणूस एकच होता आणि तो गाड्यांची वेळापत्रकं लावायचा.

ओग्न्येनचा भाग लिहायला तिने दोन दिवस घेतले. त्याचा एकेक निबंध पुन्हा वाचला, कुठे त्याच्यावर अन्याय होत नाही ना हे पाहिलं. 'डॉ. स्तामेनिच यांनी मोरावा नदीच्या दीर्घकालीन नोंदी प्रथमच जागतिक व्यासपीठावर नेल्या', असं लिहिलं. खरंच होतं ते. नोंदी कोणाच्या, हे लिहिलं नाही. ते तर साऱ्यांना माहीत होतं. 'स्वतंत्र विचार', 'नेतृत्व', 'झेप' हे शब्दही तिने घातले, कारण आधीच्या अकरा अहवालांत असेच शब्द असत आणि ते हाताला सरावाचे होते.

स्वतःचा भाग तिने एका रविवारी दुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहिला. शेगडीवर कोबीच्या पानांत गुंडाळलेला खिमा-भात रटरटत होता आणि इस्क्रा मधूनमधून गणितं विचारायला येत होती. 'नदीच्या पाहणीत सहभाग घेतला', तिने लिहिलं. 'काळजीपूर्वक मोजणी केली.' 'तरुण सहकाऱ्यांना मदत केली.' इस्क्राच्या जन्मानंतर दोन वर्षं तिचं काही छापून आलं नव्हतं. कोणी विचारलं नसतं, तरी लपवणं तिला खोटेपणाचं वाटलं. 'प्रसूती व बालसंगोपनामुळे लेखनात दोन वर्षांचा खंड', अशी तिने स्वतःच्या हाताने नोंद केली. वाचून पाहिलं. कुठेही बढाई नव्हती. तिला बरं वाटलं आणि ती उठून भांड्याखालचा गॅस बंद करायला गेली.

सरांनी कागद वाचले आणि म्हणाले, "सोनं लिहिलंयस, सोनं."

जूनच्या पहिल्या आठवड्यात अहवाल वाचनालयात ठेवला गेला. तिथे तो तीस दिवस सगळ्यांना पाहायला मोकळा असतो. ज्याला हरकत घ्यायची त्याने त्या मुदतीत घ्यायची. झोराना पहिल्याच दिवशी गेली. नऊ पानं होती आणि पावणेनऊ तिची होती, स्वल्पविरामासकट. शेवटचा परिच्छेद तेवढा दुसऱ्याचा होता.

'वरील विवेचनावरून स्पष्ट होते की डॉ. स्तामेनिच हे स्वतंत्र प्रतिभेचे संशोधक असून त्यांच्याकडे नेतृत्वगुण आहेत. डॉ. वेल्यिच या कष्टाळू व विश्वासू सहकारी आहेत. तथापि त्यांच्या लेखनात सातत्याचा अभाव दिसतो व त्यांचे कार्य प्रामुख्याने साहाय्यक स्वरूपाचे आहे. कमिटी एकमताने डॉ. स्तामेनिच यांची पहिल्या आणि डॉ. वेल्यिच यांची दुसऱ्या क्रमांकावर शिफारस करत आहे.'

तिने ते तीनदा वाचलं. तशीच ती सरांच्या खोलीत गेली, दारावर टकटकही न करता.

"सर, हे काय आहे?"

"बस, बस. पाणी पी."

"तुम्ही मला म्हणाला होतात..."

"मी काय म्हणालो? काय लिहायचं ते तुला ठाऊक आहे म्हणालो. तू लिहिलंस. मी तुझा एक शब्द तरी बदलला का? दाखव." त्यांनी चष्मा काढला. "खरं सांगू पोरी, आधी माझंही ठरत नव्हतं. तुझं वाचलं अन् पटलं. तूच म्हणतेयस तो पुढारी अन् तू मदतनीस, तर मी कोण नाही म्हणणारा?"

"नदीवर मी एकटी होते सर. एकोणीस वर्षं!"

"ओरडू नको. त्याला दोन पोरं आहेत, तिसरं येऊ घातलंय, बायको घरी. तुझा ग्रादिमिर रेल्वेत, पेन्शन पक्की. तुझी चूल काही विझत नाही." मग आवाज मऊ करून म्हणाले, "हरकत घ्यायची तर घे, तीस दिवस आहेत. पण घेणार कशावर? आपल्याच अक्षरावर?"

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. हरकत घ्यायची तर अहवाल कमिटीचा नाही, माझा आहे, असं सांगावं लागणार. आणि ते सांगितलं की उमेदवाराने कमिटीच्या नावाने कागद बनवला हा गुन्हा कबूल. रीत सगळ्यांची, पण गुन्हा बोलणाऱ्याचा.

कमिटीत बाहेरच्या एक बाई होत्या, वुकोसावा बाई. एकसष्ट वर्षांच्या, राजधानीत राहणाऱ्या, या विषयात प्राध्यापकपदापर्यंत पोचलेल्या एकट्या. झोराना त्यांची जुनी विद्यार्थिनी. ती बसने तीन तास प्रवास करून त्यांच्या घरी गेली. बाईंनी पाण्याचा ग्लास आणि वाटीत चेरीचा मुरंबा पुढे ठेवला आणि समोर बसल्या.

"बाई, तुम्ही अहवाल वाचलात?"

"वाचला. दुसऱ्या पानावरच कळलं कोणी लिहिलाय ते."

"कसं?"

"चाळीस वर्षांत एकाही पुरुषाने अहवालात आपल्या पोराच्या जन्माची नोंद केलेली मी वाचली नाही. अन् 'सहभाग घेतला'! अगं, कोणाच्या कामात सहभाग? पाण्यात तुझ्याशिवाय दुसरं कोण उभं होतं?"

झोरानाने पाण्याचा घोट घेतला. "मग तुम्ही सही का केलीत?"

"भांडणार कशाच्या जोरावर? कागद तूच दिलास, त्यात तूच त्याला वर बसवलंस." बाईंनी तिचा ग्लास पुन्हा भरला. "हे झालं सांगायचं कारण. खरं कारण ऐकायचंय? मी आजवर एकदाही दुसऱ्या बाईसाठी भांडले नाही. भांडले असते तर या जागेवर पोचले नसते. लाज वाटते गं. पण लाज वाटते म्हणून सही पुसली जात नाही."

"मी हरकत घेतली तर तुम्ही बोलाल?"

बाईंनी मुरंब्याची वाटी तिच्याकडे सरकवली. "खा," म्हणाल्या. "बसला अजून वेळ आहे."

अठ्ठाविसाव्या दिवशी झोरानाने हरकत दाखल केली. एकच पान. हा अहवाल मी लिहिला आहे, शेवटचा परिच्छेद सोडून. कमिटीने कोणाचंही काम तपासलेलं नाही. तो रद्द करून नवी कमिटी नेमावी. खाली तिने सही केली, तारीख घातली. आयुष्यात पहिल्यांदा तिने 'मी' म्हणून काही लिहिलं होतं.

जुलैत संस्थेचं मंडळ बसलं. बत्तीस माणसं, खिडक्या उघड्या, तरी घामाघूम. त्यांतल्या अकरा जणांना त्या खुर्चीवर झोरानाच्या हाताने नेऊन बसवलं होतं. संचालकांनी हरकत वाचून दाखवली आणि चष्म्यावरून पाहिलं.

"डॉक्टर, तुम्हाला असं लिहायला कोणी सांगितलं, याचा काही कागद आहे?"

"कागद कसा असेल? कॉफी पिताना सांगितलं."

मागे कोणीतरी खुदकन हसलं.

"बुदिमिर सर, तुम्ही सांगितलं होतं?"

"माहिती मागवली होती," सर म्हणाले. "दोघांच्या निबंधांची माहिती. ती यांनी सुंदर दिली, त्याबद्दल मी ऋणी आहे."

झोराना उभी राहिली. "इथे माझ्या हातचे अहवाल किती जणांचे आहेत ते सांगू? मीलोराद, तुझा. तुमचा, स्रेतेन काका. बोला ना! हा माझा आहे की नाही, अक्षर ओळखायला तुमच्याइतकं दुसरं कोण आहे?"

मीलोराद हातातल्या पेनचं टोपण काढत-घालत बसला. स्रेतेन काकांना खोकला आला. तिला वाटलं होतं निदान एक तरी उठेल. ती वाट पाहत उभी राहिली; नको तितका वेळ उभी राहिली.

"तुम्ही हे विधान मागे घेऊ शकता," संचालक म्हणाले. "नाहीतर नोंदवावं लागेल, की उमेदवाराने कमिटीचा अहवाल स्वतः तयार केल्याचं कबूल केलं."

"नोंदवा."

नोंदवलं. मग मतं घेतली. हात वर गेले, आधी भराभर, मग एकमेकांकडे बघत. मीलोरादचा गेला, स्रेतेन काकांचा गेला. विरोधात कोणी नाही. आठवड्याभराने झोरानाला शिस्तभंगाची लेखी समज आली. कमिटीने सद्हेतूने सही केल्याचं त्याच कागदात शेवटी म्हटलं होतं.

सप्टेंबरअखेर ती आपली खोली रिकामी करत होती तेव्हा ओग्न्येन आला. नदीच्या नोंदवह्या संस्थेच्या मालकीच्या. त्या त्याच्या ताब्यात द्यायच्या होत्या. वसंतापर्यंत तो तिला मॅडम म्हणायचा.

"झोराना, रागावलीस?" तो म्हणाला. "मला खरंच माहीत नव्हतं गं. मला वाटलं सरांनी लिहिलंय. आईला वाचून दाखवलं होतं मी, ती रडली. म्हणाली, माझ्या पोराला एवढं कोणी ओळखलं नव्हतं."

त्यात कपट नव्हतं, हेच वाईट होतं. आयत्या बिळावर येऊन बसलेला नागोबाही निदान फुत्कारतो. हा हसत होता, तिचं मन राखायला धडपडत होता.

"मी सरांशी बोललोय," तो पुढे म्हणाला. "कंत्राटावर राहा ना वर्षभर. नदी तूच बघ. मला थंड पाणी सोसत नाही, पाठ धरते. तू नुसता प्रस्ताव लिहून दे, सही मी करतो."

झोरानाने त्याच्याकडे पाहिलं. आपण काय बोललो हे त्याला कळलेलंही नव्हतं.

"नाही," ती म्हणाली. वह्या मोजून दिल्या, बूट जमा केले, पावती घेतली आणि घरी गेली.

ऑक्टोबरच्या पहिल्या मंगळवारी तिला पहाटेच जाग आली. करायला काहीच नव्हतं. दहाच्या सुमाराला पाय आपोआप पुलाकडे वळले. पाऊस होऊन गेला होता, पाणी गढूळ आणि वाढलेलं होतं. बूट नव्हते, जाळी नव्हती. ती काठावरच्या दगडावर बसून वाटेकडे बघत राहिली. अकरा वाजले, बारा वाजले. ओग्न्येनचा तिला राग होता, पण त्या तीन तासांत तो यावा म्हणून ती अक्षरशः देवाची करुणा भाकत होती. एक वाजेपर्यंत कोणी आलं नाही. दुसऱ्या दिवसापासून नदीला जो पूर आला तो महिनाभर ओसरला नाही. पुलाखाली उतरायची वाटच बुडाली होती.

डिसेंबरात त्याची मेल आली. 'प्रिय झोराना, वीस वर्षांचा पूर्ण तक्ता जोडला आहे. एकदा नजर टाकशील का? तुझ्या डोळ्यांतून काही सुटत नाही.'

तिने तक्ता उघडला. तो तिला पाठच होता. शेवटचं वर्ष तेवढं नवं. जानेवारी ते सप्टेंबर तिचे आकडे, पुढचे त्याचे. ऑक्टोबरच्या रकान्यात पाण्याचं तापमान ११.४, अळ्या २१२.

ती कागद-पेन्सिल घेऊन बसली. मागच्या एकोणीस ऑक्टोबरांचे आकडे मांडले, बेरीज केली, एकोणिसाने भागलं. उत्तर २१२ आलं. तापमानाचंही तसंच करून पाहिलं. ११.४.

मग तिने उत्तर लिहिलं. 'ऑक्टोबरच्या पहिल्या मंगळवारी सकाळी दहा ते एक मी पुलाखाली होते. तिथे कोणी आलं नाही. हा आकडा काढून टाक आणि रकाना कोरा ठेव.' सरांनाही त्याची प्रत पाठवली. कोणाचंच उत्तर आलं नाही. नाताळ झाला, नवं वर्ष झालं, तरी ती रोज पाहायची.

मार्चमध्ये तो निबंध परदेशातल्या एका मोठ्या नियतकालिकात आला. पहिलं नाव ओग्न्येनचं, दुसरं आणि शेवटचं सरांचं. मथळ्यात 'वीस वर्षांची अखंड नोंद' असे शब्द होते. ग्रादिमिरने रेल्वेच्या कचेरीत छापून घरी आणला. झोरानाने आधी तक्ता पाहिला. ऑक्टोबर, २१२. मग ती शेवटच्या पानावर गेली. तिथे, संदर्भांच्या यादीच्या वर, बारीक अक्षरात एक ओळ होती.

'या तक्त्यातील सर्व आकडे तपासून दिल्याबद्दल डॉ. झोराना वेल्यिच यांचे मनःपूर्वक आभार.'